डिस्क रिकामी, तरी ‘जागा शिल्लक नाही’

मागच्या भागाखाली एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला होता: डेटाबेस सर्व्हर उभा करताना कर्नलच्या मेमरी आणि सेमाफोरच्या सेटिंगमध्ये नेमकं काय भरायचं? ‘तुमची फाइल द्या, आम्ही चिकटवतो,’ असंही दोघातिघांनी लिहिलं होतं. फाइल मी देणार नाही. का देणार नाही, ते या भागात कळेलच.

एक सूचना आधीच देतो. व्हिडिओत आज्ञा पडद्यावर दिसत होत्या. इथे त्यांची नावं आपण बोलताना उच्चारतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत करायची.

सुरुवात माझ्याच फजितीने करतो. एका ग्राहकाकडे एकाच मशीनवर पोस्टग्रेसची तीन इन्स्टन्स चालू होती, आवृत्ती ९.६. मशीनवर सेंटओएस ७, म्हणजे कर्नल ३.१०. प्रत्येक इन्स्टन्सला कमाल ५०० कनेक्शनची परवानगी होती. महिनाअखेरीच्या रिपोर्टसाठी चौथं इन्स्टन्स हवं होतं. तेही तसंच, ५०० कनेक्शनचं. रात्री ते सुरू केलं तर लॉगमध्ये आलं: सेमाफोर बनवता आले नाहीत, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही.

जागा नाही म्हटल्यावर माणूस काय करतो? मी डीएफ -एच चालवलं. डिस्क निम्म्याहून जास्त रिकामी होती. मग आयनोड संपलेत का ते पाहिलं. तेही भरपूर होते. तरीही मी जुने लॉग उडवले, टेम्प फोल्डर साफ केला, आणि पाऊण तास असाच घालवला. त्या ओळीतला ‘सेमाफोर’ हा शब्द मी वाचला होता, पण ‘जागा नाही’ हे शब्द इतके ओळखीचे वाटले की नजर तिथेच अडकली.

खरं तर पोस्टग्रेस त्या ओळीखाली स्वतःच एक सूचना छापतं. तिचा आशय असा, की या चुकीचा अर्थ डिस्क भरली असा नाही, कर्नलची सेमाफोरची मर्यादा संपली आहे. मी ती वाचलीच नव्हती.

कर्नलकडे चुकांचे ठरावीक क्रमांक असतात. सेमाफोरचा नवा संच मागितला आणि मर्यादा भरलेली असेल, तर तो जो क्रमांक परत करतो, तोच क्रमांक डिस्क भरल्यावरही वापरला जातो. त्या क्रमांकाचं छापील वाक्य एकच आहे, त्यामुळे दोन वेगळ्या आजारांना एकच नाव मिळतं. हे वाक्य या भागात आणखी एकदा भेटणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

गोळा आणि फळा

आता सेमाफोर म्हणजे काय ते पाहू. रेल्वेच्या एकेरी मार्गावर पूर्वी गोळ्याची पद्धत होती. स्टेशनमास्तरकडून गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढच्या टप्प्यात नेत नसे. गोळा एकच, त्यामुळे त्या टप्प्यात गाडीही एकच. संगणकातला सेमाफोर हेच काम करतो. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात ही कल्पना मांडली, आणि नावही रेल्वेच्या हाताच्या सिग्नलवरूनच आलं. एखाद्या प्रोसेसला थांबायचं असेल तर ती आपल्या सेमाफोरवर झोपते. दुसरी प्रोसेस काम संपलं की तिला उठवते.

सामायिक मेमरी त्याहून सोपी. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे वेगळी प्रोसेस असते, आणि एका प्रोसेसला दुसरीची मेमरी दिसत नाही. पण डिस्कवरून वाचलेलं पान सगळ्यांना मिळायला हवं. म्हणून सगळ्यांना दिसेल असा एक मोठा फळा मांडलेला असतो. फळा म्हणजे सामायिक मेमरी, आणि फळ्यावर एका वेळी कोणी लिहायचं याची शिस्त राखायला सेमाफोर लागतात.

या दोन्ही गोष्टींची सिस्टिम-फाइव्ह युनिक्समधून आलेली जुनी पद्धत लिनक्सनेही उचलली, आणि तिच्या मर्यादाही बरोबर आल्या. सेमाफोरच्या मर्यादा कर्नल-डॉट-सेम या एकाच ओळीत चार आकड्यांनी लिहितात. पहिला आकडा सेम-एमएसएल, म्हणजे एका संचात जास्तीत जास्त किती सेमाफोर. दुसरा सेम-एमएनएस, म्हणजे अख्ख्या मशीनवर मिळून किती. तिसरा सेम-ओपीएम, म्हणजे एका हाकेत किती क्रिया. चौथा सेम-एमएनआय, म्हणजे एकूण किती संच. माझ्या त्या मशीनवर हे आकडे होते २५०, ३२०००, ३२ आणि १२८.

३२००० सेमाफोर! एवढे कोण संपवणार, असं मलाही वाटलं होतं. पण संपले होते ते संच.

पोस्टग्रेस ९.६ चा हिशोब असा आहे. कमाल कनेक्शनमध्ये ऑटोव्हॅक्यूमचे कामगार मिळवा, इतर पार्श्वभूमी कामगार मिळवा आणि वर ५ मिळवा. मूळ सेटिंगमध्ये ही भर ३ अधिक ८ अधिक ५, म्हणजे १६ होते. आलेल्या बेरजेला १६ ने भागा आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्या. तेवढे संच लागतात. प्रत्येक संचात कामाचे १६ आणि ओळखीसाठी एक असे १७ सेमाफोर असतात. तो सतरावा कशाला? त्यात पोस्टग्रेस एक ठरलेला आकडा ठेवतं. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमच्या संचाला आपला समजून हात लावला जाऊ नये, म्हणून ही खूण.

माझ्याकडे ५०० अधिक १६, म्हणजे ५१६. भागिले १६, म्हणजे ३२.२५. म्हणजेच ३३ संच. तीन इन्स्टन्सचे ९९ झाले. चौथ्याला आणखी ३३ हवेत, एकूण १३२, आणि छत १२८ चं. सेमाफोर मात्र मोजून २२४४ च लागत होते.

आणि गंमत बघा. प्रत्येकाला ५०० ऐवजी ४९६ कनेक्शन दिली असती, तर बेरीज ५१२ आली असती, भागाकार बरोबर ३२, आणि चार इन्स्टन्सचे १२८ संच त्या छतात काठोकाठ बसले असते. अर्थात मशीनवर दुसरं कोणी सेमाफोर वापरत नसेल तरच. चार कनेक्शनच्या हौसेपायी माझी पाऊण रात्र गेली.

हे सगळं बघायला आयपीसीएस ही आज्ञा पुरते. -एल लावलं की मर्यादा दिसतात, -यू लावलं की सध्याचा वापर. हे दोन आकडे शेजारी ठेवले की निदान एका मिनिटात होतं.

उपाय केला, आणि तो पुसला गेला

उपाय सोपा होता. सिसकंट्रोल -डब्ल्यू वापरून चौथा आकडा १२८ वरून २५६ केला. मशीन रीस्टार्ट करावं लागलं नाही, चौथं इन्स्टन्स लगेच उभं राहिलं. मी घरी जाऊन झोपलो.

काही महिन्यांनी पॅच लावण्यासाठी मशीन रीबूट झालं. आणि या वेळी शेवटी सुरू होणारं इन्स्टन्स रिपोर्टचं नव्हतं, मुख्य कामाचं होतं. ते उठलंच नाही. -डब्ल्यूने केलेला बदल फक्त चालू कर्नलच्या मेमरीत असतो, रीबूट झालं की जातो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रात्री काम झाल्यावर फाइलमध्ये लिहायचं राहून गेलं, एवढंच. ग्राहकाची सकाळ त्यात गेली.

तेव्हापासून मी उलट्या क्रमाने काम करतो. आधी ईटीसीमधल्या सिसकंट्रोल-डॉट-डी फोल्डरमध्ये स्वतःच्या नावाची छोटी फाइल लिहायची, मग सिसकंट्रोल --सिस्टिम चालवून तीच फाइल लागू करायची. म्हणजे जे लिहिलंय तेच चालतंय याची खात्री होते. नुसतं -पी दिलं तर फक्त जुनी सिसकंट्रोल-डॉट-कॉन्फ वाचली जाते, या फोल्डरमधल्या फाइली नाहीत. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकच सेटिंग दोन ठिकाणी असेल तर शेवटची जिंकते. म्हणून फाइलच्या नावाआधी ९० किंवा ९९ असा आकडा लावायची पद्धत आहे. लागू केल्यावर चालू किंमत पुन्हा एकदा वाचून बघा.

जुन्या छतांचं ओझं

आता सामायिक मेमरीकडे वळू. इथे तीन मर्यादा. शममॅक्स म्हणजे एक तुकडा जास्तीत जास्त किती मोठा, आणि तो मोजायचा बाइटमध्ये. शमऑल म्हणजे सगळे तुकडे मिळून किती, आणि तो मोजायचा पानांमध्ये. नेहमीच्या मशीनवर एक पान ४ केबीचं. तिसरी शम-एमएनआय, म्हणजे तुकड्यांची संख्या. ती साधारण ४०९६ असते आणि तिचा त्रास क्वचितच होतो.

दोन शेजारच्या ओळी, एक बाइटमध्ये, एक पानांत. या फरकाने किती जणांना गंडवलंय याची गणती नाही. ३२ जीबी म्हणजे ८३८८६०८ पानं. हा आकडा चुकून शममॅक्समध्ये गेला, तर छत होतं ८३८८६०८ बाइटचं, म्हणजे अवघ्या ८ एमबीचं.

लिनक्समध्ये शममॅक्सची मूळ किंमत वर्षानुवर्षं ३२ एमबी होती. आजच्या फोनमधला एक छोटा व्हिडिओही त्यात मावणार नाही. त्यामुळे पोस्टग्रेस ९.२ पर्यंत शेअर्ड बफर जरा वाढवला की सर्व्हर सुरूच होत नसे, आणि इन्स्टॉलेशनच्या प्रत्येक पानावर ‘आधी शममॅक्स वाढवा’ हे पहिलं वाक्य असे. २०१३ मध्ये ९.३ आलं आणि पोस्टग्रेसने मोठा फळा एममॅप या दुसऱ्या पद्धतीने मांडायला सुरुवात केली. शममॅक्सशी तिचा संबंध नाही. पुढच्याच वर्षी कर्नल ३.१६ ने शममॅक्स आणि शमऑलची मूळ किंमत इतकी मोठी केली की मर्यादा नसल्यातच जमा. ६४ बिटांत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा ती फक्त १ कोटी ६७ लाखांच्या आसपास, नेमकं सांगायचं तर दोनाचा चोविसावा घात, इतकी कमी ठेवली आहे. हा फरक मुद्दाम सोडला. काही जुने प्रोग्रॅम चालू मर्यादा वाचून त्यात स्वतःची भर घालत. किंमत अगदी टोकाला असती, तर बेरीज उलटून शून्याजवळ आली असती. असले शहाणे बारकावे कर्नलमध्ये सापडले की मला फार बरं वाटतं.

सेमाफोरचंही तसंच झालं. कर्नल ३.१९ पासून एका संचात ३२०००, एका हाकेत ५००, आणि एकूण ३२००० संच अशी मूळ किंमत आहे. पोस्टग्रेस १० पासून तर लिनक्सवर ते सिस्टिम-फाइव्हचे सेमाफोर वापरतच नाही, पॉझिक्स पद्धतीचे वापरतं. म्हणजे माझी ती रात्र आज घडलीच नसती.

मग आज बिघडतं कुठे? जुनी फाइल चिकटवण्यात. ओरॅकलच्या इन्स्टॉलेशन मार्गदर्शकातली २५०, ३२०००, १००, १२८ ही ओळ जगभर फिरते. ती किमान अपेक्षा आहे. चालू किंमत याहून जास्त असेल तर हात लावू नका, असं त्याच मार्गदर्शकात लिहिलेलं असतं. पण ओळ फिरते, टीप मागेच राहते. आजच्या कर्नलवर ती ओळ चिकटवली की संचांचं छत ३२००० वरून १२८ वर येतं. सुधारणा म्हणून केलेलं काम मशीनला दहा वर्षं मागे नेतं. म्हणून म्हटलं, फाइल देणार नाही.

दुसरा गैरसमज वेगाबद्दलचा. शममॅक्स वाढवून डेटाबेस वेगवान होत नाही. ते छत आहे. खोलीचं छत उंच केलं म्हणून खोलीत सामान वाढत नाही. किती मेमरी घ्यायची ते डेटाबेसच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ठरतं, कर्नल फक्त हो किंवा नाही म्हणतो.

नव्या पोस्टग्रेसमध्येही सिस्टिम-फाइव्हचा एक पन्नास-एक बाइटांचा चिमुकला तुकडा मुद्दाम ठेवलेला आहे. आयपीसीएस -एममध्ये तो दिसतो आणि ‘हा उरलेला कचरा’ समजून लोक आयपीसीआरएमने उडवतात. कृपा करून असं करू नका. त्या तुकड्याला किती प्रोसेस जोडलेल्या आहेत हे कर्नल मोजत असतो. मुख्य प्रोसेस मेली, पण तिचं एखादं पोर जिवंत राहून डेटा फोल्डरमध्ये लिहीत असेल, तर या मोजणीवरूनच नव्या सर्व्हरला ते कळतं आणि तो सुरू व्हायला नकार देतो. पहारेकरी हटवला तर दोन सर्व्हर एकाच डेटावर लिहू शकतात. मग बॅकअप शोधायची वेळ येते.

आज खरा फरक कुठे पडतो

माझ्या मते आज सर्वांत जास्त फरक पडतो तो ह्यूज पेजेसने. फळा १६ जीबीचा आहे असं धरा. ४ केबीच्या हिशोबाने त्याची ४१९४३०४ पानं झाली. कुठलं पान खऱ्या मेमरीत कुठे आहे, याची अनुक्रमणिका प्रत्येक प्रोसेसकडे वेगळी असते आणि दर पानाला ८ बाइट लागतात. म्हणजे अख्खा फळा हाताळणाऱ्या एका प्रोसेसची अनुक्रमणिका ३२ एमबीची. ३०० कनेक्शन दिवसभर चालू राहिली आणि प्रत्येकाने बराचसा फळा चाळला, तर नुसत्या अनुक्रमणिकाच साडेनऊ जीबीच्या जवळ जातात. फळा सामायिक, अनुक्रमणिका ज्याची त्याची! प्रॉक-मेमइन्फोमधली पेजटेबल्स ही ओळ हा आकडा दाखवते. ती आपण कधी बघत नाही, आणि मग ‘मेमरी जाते कुठे’ म्हणून डोकं धरतो.

पान २ एमबीचं केलं तर तोच फळा ८१९२ पानांत मावतो. अनुक्रमणिका ६४ केबीची होते. ३०० प्रोसेसच्या मिळून १९ एमबीच्या आत.

त्यासाठी व्हीएम-डॉट-एनआर-ह्यूजपेजेसमध्ये पानांची संख्या भरायची. १६ जीबीच्या शेअर्ड बफरला ८१९२ पुरत नाहीत, इतर सामायिक गोष्टींसाठी थोडी जास्त लागतात. पोस्टग्रेस १५ पासून हा आकडा सर्व्हर स्वतः सांगतो. शेअर्ड-मेमरी-साइझ-इन-ह्यूज-पेजेस ही किंमत सर्व्हर चालू असताना शो आज्ञेने वाचा, किंवा बंद असताना पोस्टग्रेस -सीने. ही पानं मशीन सुरू होतानाच राखून ठेवावीत. महिनाभर चाललेल्या मशीनवर मेमरी तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली असते. मग ९००० मागितली तर ६००० च मिळतात, आणि आज्ञा गप्प बसते. मेमइन्फोमध्ये खरी संख्या पाहा.

पोस्टग्रेसमधलं ह्यूज-पेजेस हे सेटिंग मूळचं ‘ट्राय’ असतं. जमलं तर मोठी पानं, नाही तर गुपचूप छोटी. हे मला आवडत नाही. पानं कमी पडली तर राखून ठेवलेली मेमरी तशीच पडून राहते, दुसऱ्या कामाला येत नाही, आणि डेटाबेस उरलेल्या मेमरीत छोटी पानं घेऊन बसतो. दोन्हीकडून तोटा. मी ‘ऑन’ ठेवतो. पानं मिळाली नाहीत तर सर्व्हर सुरू होत नाही, आणि लगेच कळतं. ओरॅकलवाल्यांनी लक्षात ठेवायचं ते असं, की मेमरी-टार्गेट वापरणारी स्वयंचलित पद्धत आणि ह्यूज पेजेस एकत्र नांदत नाहीत.

मेमरी संपली तर लिनक्स एखादी प्रोसेस निवडून मारतो. पोस्टग्रेसचं एक कनेक्शन असं मारलं गेलं, तर फळ्यावर अर्धवट लिखाण राहिलं असेल या भीतीने सर्व्हर बाकीची सगळी कनेक्शनही तोडतो आणि रिकव्हरी करतो. ते टाळायला व्हीएम-डॉट-ओव्हरकमिट-मेमरी २ करतात. इथे खड्डा आहे. मर्यादा मग स्वॅप अधिक मेमरीचे ५० टक्के अशी ठरते, आणि ह्यूज पेजेस त्या मेमरीतून आधीच वजा होतात. ६४ जीबीच्या, स्वॅप नसलेल्या मशीनवर १७ जीबी ह्यूज पेजेसला दिली, तर बाकी सगळ्यांना मिळून साडेतेवीस जीबीच. ओव्हरकमिट-रेशो न वाढवता हा बदल केला तर निम्मी मेमरी मोकळी असताना प्रोग्रॅम ‘मेमरी नाही’ म्हणून ओरडतात.

आणखी एक, सिस्टिमडीचं. लॉगिनडीमधलं रिमूव्ह-आयपीसी चालू असेल आणि पोस्टग्रेस नेहमीच्या युझरच्या नावाने चालत असेल, तर तो युझर पूर्ण लॉगआउट झाला की त्याच्या सामायिक वस्तू पुसल्या जातात. खाली डेटाबेस चालूच असतो. सिस्टिम युझरला यातून सूट आहे, म्हणून पॅकेजमधून बसवलेल्याला सहसा त्रास होत नाही. हाताने कंपाइल करून स्वतःच्या युझरखाली चालवणाऱ्यांनी ते ‘नो’ करून ठेवावं.

आता ते जुनं वाक्य पुन्हा. पोस्टग्रेस डॉकरमध्ये चालवताय, छोट्या क्वेरी नीट चालतात, पण मोठी क्वेरी अनेक कामगारांत वाटली गेली की चूक येते: सामायिक मेमरीच्या तुकड्याचा आकार बदलता आला नाही, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. इथे सिसकंट्रोलमध्ये शोधू नका. समांतर क्वेरीचे कामगार आपसातली देवाणघेवाण डेव्ह-एसएचएम या मेमरीतल्या फोल्डरमधून करतात, आणि डॉकर कंटेनरला तो मुळात ६४ एमबीचा देतो. या वेळी जागा खरोखरच संपलेली असते, आणि कंटेनरच्या आत डीएफ चालवलंत तर ती दिसतेही. कंटेनर सुरू करताना --एसएचएम-साइझ देऊन ती वाढवा. कुबरनेटिसवर असाल तर मेमरीवर आधारलेला एम्प्टी-डिर व्हॉल्यूम त्याच फोल्डरवर जोडा, आणि तिथे वापरलेली मेमरी पॉडच्या मर्यादेतच मोजली जाते हे धरून ती मर्यादाही वाढवा.